जर्सीवर आडनाव हवं की नुसता नंबर? गेलिक खेळांच्या संघांसाठी एक तुलना

आयर्लंडमध्ये तुम्ही एखाद्या गेलिक क्लबच्या कमिटीत असाल, काउंटी (जिल्हा) बोर्डावर प्रतिनिधी म्हणून जात असाल, किंवा डब्लिनमध्ये राहणारे मराठी पालक म्हणून मुलांच्या संघाची जर्सी मागवायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर पाठीवर खेळाडूचं आडनाव छापायचं की नाही, हे तुम्हाला कधी ना कधी ठरवावं लागेल. माझं मत आधीच सांगतो. काउंटीच्या सीनियर संघांच्या जर्सीवर नाव यावं, हर्लिंगमध्ये तर लवकर यावं. गावच्या क्लबने त्या फंदात पडू नये. आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या पाठीवर नाव अजिबात नको.

ज्यांचा या खेळांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. १८८४ साली थर्ल्स गावात जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन) ही संघटना स्थापन झाली. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (लाकडी काठी आणि छोट्या चेंडूचा खेळ) हे तिचे मुख्य खेळ. बायकांचं हर्लिंग म्हणजे कमोगी; तिची आणि बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना वेगवेगळी. एका बाजूला पंधरा खेळाडू, आणि कुणालाही खेळण्याचा पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२,३०० माणसं बसतात. तिथे रविवारी ऑल-आयर्लंड फायनल खेळलेला माणूस थोड्याच दिवसांत शाळेत, बँकेत किंवा शेतात कामावर हजर असतो. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड आजच्या काळातला सर्वांत गाजलेला फुटबॉलपटू, आणि तो शिक्षक आहे. खेळाडूंचा बाजार नसतो. ज्या गावात वाढलात त्या गावासाठी खेळायचं, आणि तिथून निवड झाली तर काउंटीसाठी.

नावाआधी नंबरचा हिशोब

या वादात बहुतेक जण नावावरच बोलतात. खरी मेख नंबरात आहे.

गेलिक खेळांत नंबर जागेचा असतो. १ म्हणजे गोलकीपर, ३ फुल-बॅक, ६ सेंटर-बॅक, ८ आणि ९ मिडफिल्ड, ११ सेंटर-फॉरवर्ड, १४ फुल-फॉरवर्ड. नुसतं ‘आमचा सहा नंबर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला तो माणूस मैदानावर कुठे उभा आहे ते कळतं. सामन्यागणिक संघ बदलतो, तशी जर्सीही या अंगावरून त्या अंगावर जाते. मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जर्सी वाटायचा छोटा समारंभ अनेक संघांत होतो, आणि तिथे मुलाच्या हातात जर्सी पडते ती त्याला मिळालेल्या जागेची. बदली खेळाडूंचे नंबर १६ पासून पुढे. काउंटीच्या सामन्याला २६ जणांची यादी असते, सरावाला येणारे त्याहून जास्त.

आता पाठीवर नाव छापा. ती जर्सी एकाच माणसाची झाली. म्हणजे वर्षभरासाठी प्रत्येकाला ठरलेला नंबर द्यावा लागणार. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने १९९३-९४ च्या मोसमात नाव आणि कायमचा नंबर या दोन्ही गोष्टी एकदमच आणल्या, त्याचं कारण हेच. कसोटी क्रिकेटमध्ये २०१९ च्या अ‍ॅशेसपासून नाव-नंबर आले, पण तिथे नंबराचा क्षेत्ररक्षणाच्या जागेशी काही संबंध नसल्यामुळे फार काही गमावलं नाही. गेलिक खेळांत मात्र ‘२३ क्लिफर्ड’ किंवा ‘१९ रीड’ असं छापायला लागलो की शंभर वर्षांहून जुन्या खेळाची मैदान वाचायची पद्धतच हातातून जाते. दर सामन्याला नव्याने नाव छापून नंबर जागेचाच ठेवता येईल, पण मग शेवटच्या क्षणी कुणाला ताप आला किंवा मांडीचा स्नायू धरला की काय करणार? बदली आलेला पोरगा दुसऱ्याचं नाव पाठीवर घेऊन खेळणार?

नंबरवाल्यांचा हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तरीही काउंटीच्या पातळीवर तो आतून पोखरला गेला आहे. जाहीर केलेला संघ एक आणि मैदानावर उतरलेला दुसरा, हे आता नेहमीचं झालंय. प्रतिस्पर्ध्याला चकवायला मॅनेजर आठवड्यात एक यादी देतो, आणि रविवारी २२ नंबरचा पोरगा फुल-फॉरवर्डला उभा असतो. सामन्याचा कार्यक्रम विकत घेतलेला प्रेक्षक पानं उलटत बसतो. नंबर जागा सांगतो ही गोष्ट जिथे मॅनेजरच पाळत नाहीत, तिथे तिच्यासाठी नाव अडवून धरण्यात अर्थ नाही.

कोणाला कोण ओळखत नाही?

हर्लिंगमध्ये २०१० पासून सगळ्या वयोगटांना आणि सगळ्या पातळ्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे, समोर जाळीसकट. निर्णय योग्यच होता. डोळे आणि दात वाचले. पण चेहरे गेले. टीव्हीवर पंधरा हेल्मेटं, त्यातून चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर उडतोय, आणि कॅमेरा पाठीमागून. जुने प्रेक्षक हेल्मेटच्या रंगावरून, धावण्याच्या ढबीवरून खेळाडू ओळखतात. सिडनीत किंवा बोस्टनमध्ये बसून सामना बघणाऱ्याला, किंवा आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्यासारख्याला, ते कसं जमणार? इथे नावाचा उपयोग खराखुरा आहे. गेलिक फुटबॉलमध्ये चेहरे उघडे असतात, त्यामुळे तिथे गरज निम्मी.

स्टेडियममधल्या प्रेक्षकासाठी मात्र नावाचा फायदा जेवढा वाटतो तेवढा नाही. क्रोक पार्कचं मैदान सॉकरच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. कुसॅक स्टँडच्या वरच्या मजल्यावरून नंबर दिसतो. त्याच्यावरची बारीक अक्षरं, तीही किलकेनीसारख्या काळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांवर, कुणालाही वाचता येणार नाहीत. पट्टेवाल्या जर्सीला पाठीवर सपाट रंगाचा तुकडा द्यावाच लागेल.

आणि गावचा क्लब? तिथे बांधावर उभ्या असलेल्या माणसांना प्रत्येक खेळाडू माहीत असतो, त्याचा बाप कुठे खेळायचा आणि आजा कसा खेळायचा तेही. अनोळखी असतात ते समोरचे पंधरा, आणि त्यांच्या जर्सीचं तुम्ही काही ठरवू शकत नाही. रेफ्रीला नाव लागतं, पण तो कार्ड दाखवताना वहीत नंबर टिपतो, नाव विचारतो, आणि यादी त्याच्या खिशात असतेच.

एकाच आडनावाचे सातजण

गावाच्या खेळात आडनाव हा ओळखीचा फार कच्चा आधार आहे. किलकेनी काउंटीतल्या बॅलीहेल शॅमरॉक्स क्लबने १९८१ ची ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा जिंकली तेव्हा संघात सात फेनेली भाऊ होते. त्या पाठींवर नावं छापली असती तर अर्ध्या संघावर ‘फेनेली’. केरीच्या फुटबॉल संघात डॅरा, टोमास आणि मार्क हे तिघे ओ शे भाऊ एकत्र खेळले. लिमरिकच्या हर्लिंग संघात डॅन आणि टॉम मॉरिसी. मग आद्याक्षर हवं, आणि दोघांचं आद्याक्षर एकच निघालं तर पूर्ण नाव हवं. नाव इंग्रजी रूपात की आयरिश, हाही प्रश्न येतो. रेफ्रीला द्यायची यादी आयरिश भाषेत लिहायची रीत आहे, पण रोजच्या व्यवहारात अनेक जण इंग्रजी रूप वापरतात. बहिणींच्या बाबतीत आयरिश आडनावाचं रूपही भावापेक्षा वेगळं असतं. माझ्या मते हे प्रत्येक खेळाडूने स्वतः ठरवावं आणि लेखी द्यावं. २०२५ च्या मे महिन्यात कमोगीच्या खेळाडूंना स्कॉर्टऐवजी (बाहेरून स्कर्ट, आतून शॉर्ट्स) शॉर्ट्स घालायची मुभा मिळाली ती त्यांनी ठामपणे मागितली म्हणून. अंगावर काय असावं यात खेळणाऱ्याचा शब्द मोठा असला पाहिजे.

पैसा आणि पिशवी

क्लबचा जर्सीचा संच म्हणजे एक मोठी पिशवी. सामना संपला की चिखलाने जड झालेल्या जर्स्या त्यात टाकायच्या, कुणीतरी घरी नेऊन धुवायच्या, पुढच्या रविवारी नंबर बघून वाटायच्या. तोच संच तीन-चार वर्षं चालतो, सीनियरचा जुना झाला की ज्युनियर संघाकडे जातो. नाव आलं की ही सगळी साखळी तुटते. पश्चिमेकडच्या छोट्या गावांतून दरवर्षी पोरं ऑस्ट्रेलियाला जातात; त्यांच्या नावाच्या जर्स्यांचं काय करायचं? रक्त लागलेली जर्सी सामना चालू असताना बदलावी लागते, तेव्हा बिननावाची जादा जर्सी लागणारच. दहा पौंड-युरोंचा हिशोब करणाऱ्या क्लबसाठी हा खर्च मला कुठेच पटत नाही.

काउंटीकडे स्पॉन्सर आहेत. छातीवरच्या जाहिरातीला १९९१ पासून परवानगी आहे. तिथे अडचण वेगळी. नाव छापलं की त्या नावाची जर्सी दुकानात येणार, लहान मुलं ती मागणार, आणि ज्याचं नाव विकलं जातंय तो हौशी असल्यामुळे त्याला त्यातलं काही मिळणार नाही. काउंटी बोर्डाने नावाला होकार द्यायचा असेल तर ही गोष्ट आधी खेळाडूंच्या संघटनेसमोर, म्हणजे जीपीए (गेलिक प्लेयर्स असोसिएशन) समोर, ठेवावी. विक्रीतला वाटा जखमी खेळाडूंच्या उपचारांकडे वळवणं मला न्याय्य वाटेल. पगार नको म्हणणं वेगळं, आणि त्याच्या नावावर दुसऱ्याने कमवावं हे वेगळं.

आडनाव आणि आपलेपणा

नावाच्या बाजूने बोलताना ओळखीपेक्षा मला हा मुद्दा जास्त जवळचा आहे. इराकमध्ये कुर्दी कुटुंबात जन्मलेला झॅक मोराडी लहानपणी निर्वासित म्हणून आयर्लंडला आला, तिथे हर्लिंग शिकला, आणि २०१९ साली लीट्रिम काउंटीकडून लॉरी मेहर कप ही हर्लिंगची स्पर्धा जिंकला. शॉन ओग ओ हॅलपिनचा जन्म फिजीतला. कॉर्कचा तो कर्णधार झाला. वेक्सफर्डच्या ली चिनचे वडील मलेशियाचे. काउंटीच्या रंगांवर ‘मोराडी’ हे आडनाव मोठ्या अक्षरांत दिसलं असतं, तर डब्लिनच्या एखाद्या शाळेत नुकत्याच आलेल्या कितीतरी मुलांना ते दिसलं असतं. इथल्या मराठी घरांतली मुलंही आता शनिवारी सकाळी छोट्या हर्ली (हर्लिंगच्या काठ्या) घेऊन क्लबच्या मैदानावर जातात. गावच्या क्लबच्या रंगांवर ‘देशपांडे’ किंवा ‘गावकर’ बघायला कुठल्या आईबापांना आवडणार नाही?

तरीही मुलांच्या जर्सीवर नाव नको, आणि यात तडजोड नको. अनोळखी माणसाला मुलाचं नाव पाठीवर वाचता आलं की तो हाक मारून जवळ बोलावू शकतो, ओळख असल्यासारखं बोलू शकतो. मुलांच्या सुरक्षेचं काम करणारे लोक कपड्यांवर आणि दप्तरावर ठळक नाव टाकू नका असं सांगतात ते यासाठीच. सामन्यांचे फोटो फोनवरून कुठेही जातात. फोटोत क्लबचा बिल्ला आणि खाली आडनाव असेल तर मूल कोण आणि दर आठवड्याला कुठे सापडेल, दोन्ही कळतं. हौस असेल तर घरात टांगायला एक नावाची जर्सी वेगळी करून घ्या.

संघापेक्षा माणूस मोठा होईल, हा आक्षेप मात्र मला फारसा पटत नाही. अमेरिकेतला बेसबॉल संघ न्यूयॉर्क यांकीज आजही नाव छापत नाही, आणि तरी त्याचे खेळाडू जगप्रसिद्ध आहेत. काउंटीच्या खेळाडूवर समाजमाध्यमांत तुटून पडणाऱ्यांना त्याचं नाव जर्सीवरून शोधावं लागत नाही. समालोचक ते प्रत्येक चेंडूला घेतो. क्लबच्या ज्युनियर बी, म्हणजे खालच्या दर्जाच्या, संघातल्या पोराचं तसं नाही. त्याला चुकीचा फटका मारून घरी जाता यायला हवं.

तर ऑर्डर काय द्यायची?

काउंटी बोर्डावर असाल तर सीनियर हर्लिंग आणि कमोगीपासून सुरुवात करण्याचा प्रस्ताव मांडा, फुटबॉल नंतर. फक्त टीव्हीवर दिसणारे चॅम्पियनशिपचे सामने, वर्षभरासाठी ठरलेले नंबर, आणि पहिल्या पंधरांना शक्यतो त्यांच्या नेहमीच्या जागेचाच नंबर, म्हणजे गोलकीपर १ राहील आणि फुल-बॅक ३. नियमात बदल लागला तर तो जीएएच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, ६० टक्के मतांनी व्हावा लागतो, त्यामुळे एका काउंटीची हौस म्हणून हे पुढे जाणार नाही. आधी शेजारच्या दोन-तीन काउंट्यांशी बोलून ठेवा.

क्लबसाठी मागवत असाल तर १ ते ३० नंबर, दोन जर्स्या जादा, आणि अक्षरांवर जाणारे पैसे वाचवून नंबर मोठे आणि जाड घ्या. पुरवठादार नमुना पाठवेल तेव्हा तो टेबलावर पसरून बघू नका. मैदानाच्या एका टोकाला कुणाच्या तरी अंगात घाला, दुसऱ्या टोकाला उभे राहा, आणि ३ आणि ८ वेगळे वाचता येतात का ते बघा.