गुडघा न बदलता केलेली शस्त्रक्रिया: ऑस्टिओटॉमीच्या सेवेविषयी

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याची आतल्या बाजूची कूर्चा झिजल्याचे निदान झाले आणि पहिल्या ठिकाणी थेट सांधेबदलाचा सल्ला मिळाला. कृत्रिम सांधाही झिजतो आणि माणूस जितका तरुण, तितकी पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता अधिक. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पन्नाशीच्या सुरुवातीला सांधा बदललेल्या पुरुषांत ही शक्यता आयुष्यभरात सुमारे ३५ टक्के असते, तर सत्तरीनंतर ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. म्हणून मी दुसऱ्या रुग्णालयात गेलो. हे परीक्षण तिथल्या ऑस्टिओटॉमीच्या, म्हणजे हाडाला छेद देऊन पायाची रेषा सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेच्या, सेवेचे आहे.

तिथे मला सर्वांत आवडली ती मोजमापाची शिस्त. उभे राहून नितंबापासून घोट्यापर्यंत संपूर्ण पायाचा एक्स-रे काढला गेला आणि शरीराचा भार गुडघ्यात नेमका कुठून उतरतो, ती रेषा डॉक्टरांनी मला त्यावर आखून दाखवली. माझा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असल्याने ती रेषा झिजलेल्या आतल्या कप्प्यातून जात होती. नडगीच्या हाडाला गुडघ्याच्या जरा खाली आतल्या बाजूने छेद देऊन, ती फट ठरलेल्या अंशांनी उघडून प्लेट आणि स्क्रूंनी पक्की केली, की भार बाहेरच्या निरोगी कप्प्याकडे सरकतो. ‘दुर्बिणीने गुडघा साफ करता येणार नाही का?’ असे मी विचारले, तेव्हा झिजेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि २००२ सालच्या चाचणीत खरी शस्त्रक्रिया केवळ वरवरचे छेद दिलेल्या लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नव्हती, हेही समजावले. बाहेरचा कप्पा शाबूत आहे, हाडांना एकमेकांशी बांधणारे लिगामेंट घट्ट आहेत आणि मी धूम्रपान करत नाही, हे तपासूनच त्यांनी होकार दिला. धूम्रपानामुळे हाड जुळायला उशीर लागतो, म्हणून हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, आणि मला ते फार योग्य वाटले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. सहा आठवडे कुबड्या होत्या आणि फिजिओथेरपिस्टने मांडीचे स्नायू चिकाटीने परत उभे केले. आज मी जिने दुखण्याशिवाय उतरतो.

तक्रार एकच, पण गंभीर. त्वचेखाली प्लेट टोचू लागते आणि हाड जुळल्यावर ती काढण्यासाठी अनेकांना दुसरी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते, हे मला आधी कुणीही सांगितले नाही. पुढे कधी सांधा बदलावा लागला, तर या छेदामुळे ते काम थोडे अवघड होऊ शकते, हेही मला नंतर विचारल्यावरच कळले. या दोन गोष्टी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी, घरी नेऊन वाचता येईल अशा कागदावर लिहून द्यायला हव्या होत्या. होकार मी तरीही दिला असता, पण पूर्ण माहितीनिशी दिला असता, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सुट्टीची तजवीजही आधीच केली असती.