लोणावळ्याचे दोन दिवस की ऑफिसातले तीन महिने?

कंपनीतल्या वरिष्ठ मंडळींचं आपसात पटेनासं झालं की एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, हमखास म्हणतात, "सगळ्यांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ." चाकण-तळेगावच्या कारखान्यांत अशा टीम्सबरोबर काम करताना मी हे पुष्कळदा ऐकलं आहे. दुसरा मार्ग म्हणजे कुठेही न जाता, ऑफिसातच दर आठवड्याला तासभर बसायचं आणि हे तीन महिने नेटाने चालवायचं. दोन्ही मार्गांनी टीम सावरलेल्या मी पाहिल्या आहेत. मात्र विश्वास नेमका कुठे तुटला आहे, हे न विचारता रिसॉर्ट बुक केलं तर पैसे आणि उमेद दोन्ही वाया जातात.

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी १९९५ साली विश्वासाची जी फोड केली, ती मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. समोरच्याला काम येतं का? त्याला माझं भलं हवं आहे का? तो शब्दाला जागतो का? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

ऑफसाइट, म्हणजे ऑफिसबाहेरचा असा मुक्काम, लागू पडते ती यातल्या दुसऱ्या ठिकाणी. एका कंपनीत विक्रीप्रमुख आणि उत्पादनप्रमुख वर्षभर एकमेकांना पाण्यात पाहत होते. लोणावळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला दोघे योगायोगाने एकाच टेबलावर आले. उत्पादनप्रमुख म्हणाले, "मार्चमध्ये तुम्ही दिलेली तारीख मला ग्राहकाच्या फोनवरून कळली. समोर माझे दोन सुपरवायझर उभे होते. त्यांच्यादेखत मला 'माहीत नाही' म्हणावं लागलं." विक्रीप्रमुखांनी पोह्यांची प्लेट बाजूला सरकवली. "हे मला आज कळतंय," एवढंच ते म्हणाले. हा माणूस मुद्दाम आडवा येतो, असं ते वर्षभर धरून चालले होते. तासाभराच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये हे वाक्य कधीच आलं नसतं. तिथे पुढची स्लाइड वाट पाहत असते, आणि हाताखालच्या माणसांसमोर आपला अपमान कोणी उगाळत नाही.

मुक्कामाचं बळ हेच. सकाळी शेजारी शेजारी चालताना, जेवणानंतर रेंगाळताना माणूस जे बोलतो ते टेबलासमोर बसवून बोलत नाही. मितभाषी लोकांना तर याचा फारच फायदा होतो. डोळे मिटून मागे पडण्याचे, दोऱ्यांवरून चालण्याचे खेळ मात्र मी गाळायला सांगतो. सहकारी मला खाली पडू देणार नाही, याची शंका कोणालाच नसते. तो माझं बजेट परस्पर कापेल, ही शंका असते.

या मार्गाची उणीवही जुनीच आहे. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये घेतलेल्या कार्यशाळेतून अशा गटचर्चांची पद्धत निघाली. पुढच्याच वर्षी मेन राज्यातल्या बेथेल या लहानशा गावात तिची शिबिरं सुरू झाली. जागा मुद्दाम दूरची निवडली होती, रोजच्या सवयी सुटाव्यात म्हणून. पुढे अनुभव असा आला की माणूस बदलून परततो, पण ऑफिस होतं तसंच असतं आणि काही आठवड्यांत ते त्याला पुन्हा जुन्या साच्यात बसवतं.

म्हणून शब्द मोडल्यामुळे विश्वास गेला असेल, तर मी ऑफिसच सुचवतो. मीटिंगमध्ये मान डोलावून नंतर निर्णय फिरवणाऱ्या माणसाबद्दलचा राग शेकोटीभोवती विरघळत नाही. त्याने सलग काही आठवडे शब्द पाळलेला दिसावा लागतो. पद्धत साधी ठेवा: स्लाइड नाही, प्रत्येकाने गेल्या आठवड्यात काय कबूल केलं होतं आणि ते झालं की नाही, एवढंच. हे कंटाळवाणं आहे, आणि तिमाहीअखेर आली की पहिली कात्री याच बैठकीला लागते. ती लागू न देणं हे एमडींचं काम. समोरच्याला काम येत नाही अशी शंका असेल, तर दोन्ही मार्ग सोडा आणि जबाबदाऱ्यांची वाटणी नव्याने करा.

खर्चात फारसा फरक नाही. आठ जणांचे दोन दिवस म्हणजे १६ मनुष्यदिवस. बारा आठवडे तासभर बसलं तर ९६ तास, म्हणजे आठ तासांचे १२ दिवस. खोल्यांचं भाडं वेगळं, पण निर्णय त्यावर अडवू नये.

जायचंच ठरलं तर पुण्याच्या टीमला लोणावळा सोयीचं. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, नाहीतर निम्मा दिवस घाटातल्या गर्दीत जाईल. बुधवार-गुरुवार बरे. गोवा मी या कामासाठी सुचवत नाही. तिथे संध्याकाळी ग्लास येतात, काहीजण आणि बहुतेक वेळा बायका उठून खोलीत जातात, आणि महत्त्वाचं बोलणं त्यांच्यामागे होतं. घरी लहान मूल किंवा आजारी आई-वडील असलेल्यांना तारीख ठरवण्याआधी विचारा. बाहेरचा तटस्थ माणूस आणा आणि त्याला आधी प्रत्येकाशी एकेकट्याने पाऊण तास बोलू द्या. एमडींनी सगळ्यात शेवटी बोलावं.

तीन प्रसंगी मात्र जाऊच नका. कपात ठरली आहे पण जाहीर केलेली नाही. विश्वास खुद्द एमडींनी मोडला आहे आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नाही. किंवा कोणाची छळाची तक्रार आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीची जागा २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे, गोल मांडलेल्या खुर्च्या नव्हेत.

गैरसमजाची गाठ असेल तर आधी एक मुक्काम आणि मग बारा आठवडे, शब्द मोडला असेल तर आधी दीड महिना ऑफिसात आणि मगच मुक्काम, असा क्रम मी देतो. लोणावळ्याच्या त्या दोघांनी परतल्यावर सोमवारी एकच नियम केला: प्लँटला फोन केल्याशिवाय ग्राहकाला तारीख द्यायची नाही. त्याच आठवड्यात संध्याकाळी सव्वासातला विक्रीप्रमुखांनी ग्राहकाच्या पार्किंगमधून फोन लावला. "चौदा जमणार नाही, अठरा देतो," उत्पादनप्रमुख म्हणाले. विक्रीप्रमुख पुन्हा जिना चढून वर गेले आणि ग्राहकाला अठरा तारीख सांगून आले.