किट आणि अ‍ॅनिमेची खरेदी : अकिहाबारा की ओसाकाचं निप्पोनबाशी?

जपानच्या सहलीत घरच्यांनी तुमच्या छंदासाठी एकच दिवस मोकळा सोडला असेल, तर तो तोक्योच्या अकिहाबारात घालवावा की ओसाकाच्या निप्पोनबाशीत? येन उतरल्यापासून ओळखीपाळखीतले बरेच जण जपानला जायला लागलेत आणि आमच्या सोलापुरातल्या किटवाल्या (सुटे भाग जोडून प्लॅस्टिकची मॉडेल्स बनवणाऱ्या) मंडळींत हा प्रश्न सारखा निघतो. मी दोन्हीकडे मनसोक्त खरेदी केली आहे आणि माझा कल एका बाजूला आहे. तो का, ते सविस्तर सांगतो. एचजी आणि एमजी (गुंडम या जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवांच्या किटांच्या दोन श्रेणी, एमजी मोठी) यांतला फरक किंवा १/७२ (मूळ वस्तूच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल) म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

तिकडून आणायची गरज का पडते, हेही तुम्हाला माहीत असेलच. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय २०२१ च्या जानेवारीपासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. किट म्हणजे आपल्या लेखी शोभेची वस्तू असली तरी कागदोपत्री बहुतेक वेळा ते खेळणंच ठरतं. त्यामुळे इथे माल कमी येतो आणि येतो तो महाग. सोलापुरात तर खोका हातात घेऊन उलटसुलट बघता येईल असं एकही दुकान मला माहीत नाही. फोटो बघायचा, ऑर्डर टाकायची आणि कुरियरवाल्याची वाट बघायची. म्हणून तिथे गेल्यावर खोका हातात घेऊन निवांत बघता येणं ही माझ्यासाठी अर्धी खरेदीच आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर येऊन ठरतं.

आधी अकिहाबाराला त्याचं श्रेय देतो, आणि ते मोठं आहे. युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून हा भाग उभा राहिला. आज तिथे जितका माल एकवटलाय तितका दुसरीकडे क्वचितच सापडेल. स्टेशनला लागूनच योदोबाशी हे बहुमजली दुकान आहे. रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि तिथला खेळणी-छंद विभाग एवढा मोठा की नवी किटं, रंग, ब्रश, कटर, सगळं एकाच मजल्यावर. स्टेशनच्या दुसऱ्या बाजूच्या रेडिओ कायकान इमारतीत मजल्यामजल्यावर वेगळी दुकानं, कुठे रेझिन, कुठे बाहुल्या, कुठे ट्रेडिंग कार्ड. जुन्या मालासाठी मांदाराके या सेकंडहँड दुकानाची आठ मजली इमारत. नवीन गुंडम किटांपलीकडे फारसं काही घ्यायचं नसेल आणि हाताशी दोन-तीन तासच असतील, तर योदोबाशीत शिरा, काम उरका आणि बाहेर पडा. त्यासाठी ओसाका गाठायची काहीच गरज नाही.

पण आपल्यातले बरेच जण तेवढ्यासाठी जात नाहीत. नवीन एचजी थोडी जास्त किंमत मोजली की भारतातही मिळते. जे मिळत नाही ते म्हणजे उत्पादन थांबलेलं जुनं किट. हासेगावाचं एखादं १/७२ विमान, आओशिमाची एखादी जुनी गाडी, किंवा ज्या गुंडमचं पुन्हा उत्पादन होईल की नाही कळत नाही ते. हा माल सेकंडहँड दुकानांत असतो, आणि अकिहाबाराबद्दलची माझी तक्रार नेमकी तिथेच सुरू होते.

जुनं किट प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत बंद करून ठेवतात. कोपऱ्यात छोटी चिठ्ठी. किंमत ठळक आकड्यांत, आणि खाली जपानीत बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी. खरा सौदा त्या ओळींत असतो. आतल्या पिशव्या सीलबंद आहेत की उघडलेल्या, माहितीपत्रक आहे की नाही, डिकल (मॉडेलवर चिकटवायची चित्रं-अक्षरं) पिवळे पडलेत का, कुणी पंख जोडून मग सोडून दिलंय का, की नुसता खोकाच चेपलाय. एकच किट शेजारीशेजारी दोन वेगळ्या किमतींना दिसतं, त्याचं कारण या ओळींत. खोका चेपलेला असेल तर मला आनंदच, कारण तो मी तसाही घडी घालून टाकणार. डिकल पिवळे असतील तरी विचार करतो. झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवले की उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो, आणि ऊन सोलापुरात बारा महिने फुकट आहे. पण सुटा भाग हरवलेला असेल तर पैसे पाण्यात.

या ओळी वाचायच्या म्हणजे फोनचा कॅमेरा चिठ्ठीवर धरून भाषांतर करावं लागतं. अकिहाबारातल्या एका दुकानात मी तसा फोन धरला आणि कर्मचारी लगबगीने आला. दोन्ही हातांची फुली करून त्याने भिंतीवरच्या फोटो काढण्यास मनाई असलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. त्याचं बरोबरच होतं. पाटी होती, आणि फोटो काढणाऱ्यांना सारखं सांगून तोही कंटाळला असणार. मी फोन खिशात ठेवला, पण चिठ्ठी आता कशी वाचायची? त्याला विचारावं तर मागे माणसांची रांग. कपाटांमधली ती गल्ली इतकी अरुंद की पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन उभं राहिलं तरी दुसऱ्याला जाता येत नाही. दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणतं आणि आपण कपाटाला चिकटतो. शेवटी अंदाजाने एक उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. पुढच्या दुकानात, तिथून वरच्या मजल्यावर, लिफ्टची वाट बघून पुन्हा खाली, सगळीकडे हेच. शनिवार-रविवार टाळून गेलात तर तुम्हाला हे इतकं जाणवणार नाही कदाचित. पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. जी गोष्ट सोलापुरात करता येत नाही म्हणून एवढ्या लांब आलो, ती तिथेही धड करता येईना.

आता निप्पोनबाशी. नांबा स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. डेनडेन टाऊन म्हणूनही ओळखतात. युद्धाआधी इथे जुन्या पुस्तकांची दुकानं होती, मग विजेच्या वस्तूंचा बाजार झाला आणि आता साकाईसुजी रस्ता आणि त्याला समांतर असलेला ओता रोड मिळून छंदवाल्यांचं गाव. पसारा अकिहाबारापेक्षा लहान आहे, हे मान्य. पण बरीच दुकानं रस्त्याच्या पातळीवर आहेत. एका टोकाने शिरायचं, एबिसुचोच्या बाजूने बाहेर पडायचं, मध्ये हवं तितकं थांबायचं. जोशिनच्या सुपर किड्स लँडमध्ये नवी किटं, हत्यारं आणि रेल्वेची मॉडेल्स एका छपराखाली. व्होक्स आहे, अ‍ॅनिमेट आहे. जुन्यासाठी सुरुगाया आणि ‘जंगल’ ही दुकानं. नवीन मालाची मोठी यादी असेल तर उमेदाला योदोबाशीही आहे, म्हणजे अकिहाबाराचा तो हुकमी एक्का ओसाकाकडेही आहेच.

फोटोबंदीची पाटी इथेही काही दुकानांत दिसते. फरक पडतो तो गर्दीचा. मी एका कपाटापाशी बराच वेळ उभा होतो, हातात ‘झिरो’ विमानाचं जुनं किट, चिठ्ठीत काहीतरी लिहिलेलं. काउंटरमागचे वयस्कर गृहस्थ स्वतःहून आले. मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. त्यांनी पिशवी काउंटरवर नेली, चिकटपट्टी अलगद सोडवली आणि खोका उघडून दाखवला. आतली पारदर्शक पिशवी सीलबंद, पण कॅनोपीचा (वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाचा) काचेसारखा भाग सुटा होऊन तळाशी पडलेला आणि त्यावर एक ओरखडा. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं. बारीक पॉलिश पेपरने जाईल असा तो ओरखडा होता, म्हणून घेतलं. अशी वागणूक दर दुकानात मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण माणसाकडे वेळ असला तर तो देतो, आणि निप्पोनबाशीत लोकांकडे तो होता.

करमाफीत मात्र दोन्हीकडे तेच नियम. १० टक्के उपभोग कर सुटायला एका दुकानात एका दिवशी करपूर्व ५,००० येनची खरेदी लागते आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. त्यामुळे सहा मजल्यांवरच्या सहा दुकानांतून एकेक किट घेतलं तर सहसा कुठेच सूट बसत नाही. यादी करून एका मोठ्या दुकानात एकदाच बिल करा. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते. दुकानात पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना तपासणी झाल्यावर कर परत. तेव्हा घेतलेला माल विमानतळावर दाखवता येईल असा बांधा. नव्या गुंडमच्या बाबतीत ‘माणशी एक’ अशी मर्यादा दोन्ही शहरांत दिसते, त्यावर वाद घालू नका.

अ‍ॅनिमेच्या बाजूला मी एकच इशारा देईन : डिस्क घेण्याआधी थांबा. डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल ते रीजनवर ठरतं. जपानची डीव्हीडी रीजन २ ची, आपली ५ ची. ब्लू-रे तिकडे ए, आपल्याकडे सी. आणि जपानी आवृत्त्यांवर बहुतेकदा इंग्रजी सबटायटल नसतात. सुंदर खोका बघून हात आवरत नाही, पण घरी आल्यावर प्लेअर नकार देतो. त्यापेक्षा चित्रांचं पुस्तक घ्या, संगीताची सीडी घ्या, तिला रीजन नसतं. अ‍ॅक्रिलिक स्टँड आणि गेम सेंटरमध्ये बक्षीस म्हणून मिळणाऱ्या बाहुल्या जुन्या दुकानांत स्वस्त मिळतात. यात मात्र निवड अकिहाबारात स्पष्टपणे जास्त आहे. नव्या मालिकेची एखादी ठराविक पात्रमूर्ती शोधत असाल तर ती तिथे आधी दिसेल.

सामानाचं गणित निप्पोनबाशीच्या बाजूने झुकतं. किटचं वजन नगण्य, जागा मात्र भरपूर. एमजीचे चार खोके म्हणजे एक सूटकेस. नांब्याहून नानकाई रेल्वेची रॅपिट थेट कान्साई विमानतळावर नेते, साधारण चाळीस मिनिटांत, मध्ये गाडी बदलायची नाही. अकिहाबाराहून नारिताला जाताना उएनो किंवा निप्पोरीला गाडी बदला, पिशव्या सांभाळत जिने चढा. मुंबईत उतरून पुढे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्र काढायची असते, तेव्हा वाटेतली एकेक चढउतार वाचलेली बरी. मी हॉटेलवरच खोके उघडतो, रनर (सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या चौकटी) त्यांच्या पिशव्यांतच ठेवून कपड्यांच्या मध्ये लावतो आणि खोका चपटा करून सूटकेसच्या तळाशी घालतो. खोका जपणारे संग्राहक असाल तर हे करू नका.

कटर चेक-इन सामानात टाका. गॉडहँड कंपनीची कटरची जोडी घ्यायचा मोह होईल, आणि तो जरूर पुरवा, दोन्हीकडे मिळते. लॅकर रंग, थिनर, स्प्रेचे डबे आणि पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा गोंद) यांच्याकडे मात्र बघूही नका. ज्वालाग्राही असल्याने ती विमानात नेता येत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतली तर वाईट वाटतं. रंग देशातच मागवलेले बरे.

घरच्यांचाही विचार करा. निप्पोनबाशीपासून कुरोमोन बाजार आणि दोतोनबोरी पायी अंतरावर, त्यामुळे मी कपाटांत हरवलेलो असताना बायको आणि मुलगी आपापल्या फिरून आल्या आणि कुणाचाच दिवस वाया गेला नाही. अकिहाबारात त्या तासाभरात कंटाळल्या होत्या.

दोन गोष्टींसाठी मात्र तोक्यो गाठावं. गुंडमच्या खास आवृत्त्या हव्या असतील तर ओदाईबाचं गुंडम बेस हे दुकान तोक्योत आहे, आणि टामिया या किट कंपनीचं स्वतःचं दुकान शिंबाशीला. रणगाडेवाल्यांनी ते चुकवू नये. बाकी सगळ्यांना, विशेषतः जुन्या किटांच्या मागे असलेल्यांना, मी ओसाकाच सुचवेन.

आणि तुमच्या सहलीत ओसाका बसतच नसेल, तर तोक्योतला मोकळा दिवस अकिहाबाराऐवजी नाकानो ब्रॉडवे या दुकानांच्या इमारतीला द्या. शिंजुकूहून चुओ मार्गाने पाचेक मिनिटं. मांदाराकेची सुरुवात १९८० साली तिथूनच झाली आणि अजूनही त्यांची एकेका विषयाला वाहिलेली छोटी दुकानं त्याच इमारतीत पसरलेली आहेत. बरीच दुकानं दुपारी बाराच्या सुमारास उघडतात, म्हणून सकाळी लवकर जाऊ नका. आठवड्याच्या मधला दिवस निवडा, आणि हव्या असलेल्या किटांची नावं जपानी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे कॅमेरा न काढता नुसता पडदा दाखवून विचारता येईल.