मीटरचा काटा दुरुस्त करायचा, की शेजारी आपला डिस्प्ले लावायचा?

निपाणीहून बेळगावकडे येताना काटा ८० वर असतो आणि हँडलवरचा मोबाईल ७४ सांगतो. बहुतेक मोटारसायकलवाल्यांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं, आणि तिथून दोन वाटा फुटतात. मीटरच बरोबर करून घ्यावं का? की ते आहे तसं ठेवून शेजारी स्वतः बनवलेला डिस्प्ले बसवावा, ज्यात वेगाबरोबर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), गिअर, इंजिनाचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेजही दिसेल?

माझं मत आधीच सांगतो. मूळ मीटर मोडलेलं नसेल तर त्याच्या आकड्याला हात लावू नये. खरा वेग हवा असेल तर तो शेजारी वेगळा दाखवावा. याला एकच अपवाद मी मानतो, तो स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दात्यांचं चाक, बदललेल्या गाडीचा. पण तुमची गाडी कुठे बसते हे ठरवायला काटा मुळात का चुकतो ते बघायला हवं.

काटा वेगळा, किलोमीटर वेगळे

काटा जास्त दाखवतो तो मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकं दाखवलं तरी चालतं. म्हणजे गाडी खरी ७४ ने जात असताना काटा ८५ वर असला तरी ते मीटर नियमात बसतं. टायर थोडं मोठं बसवलं तरी मीटरने कमी दाखवू नये, म्हणून कंपन्या आधीच आकडा थोडा वर ठेवतात.

किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांचं तसं नसतं. केबलवाल्या मीटरमध्ये पुढच्या चाकाच्या हबमधली गरारी केबल फिरवते. केबलच्या वरच्या टोकाला, मीटरच्या आत, लोहचुंबक फिरतं आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. जर्मनीच्या ऑटो शुल्झेने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि जुन्या आरएक्स १०० पासून स्प्लेंडरपर्यंत काट्याच्या गाड्या याच तत्त्वावर चालत आल्या. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरून थेट दात्यांनी फिरतात. मध्ये चुंबक नाही, स्प्रिंग नाही. म्हणून एकाच मीटरमध्ये काटा आठ टक्के जास्त आणि किलोमीटर जवळपास बरोबर, असं होऊ शकतं. डिजिटल मीटरमध्येही वेगाचा आकडा वाढवून दाखवता येतो आणि किलोमीटर सेन्सरच्या ठोक्यांवरून, म्हणजे चाक फिरताना तो पाठवतो त्या विजेच्या सिग्नलांवरून, सरळ मोजता येतात.

पुढचा सगळा निर्णय यावर अवलंबून आहे, म्हणून एक चाचणी आधी करा. महामार्गावर वीसेक किलोमीटर जा, मोबाईलमध्ये जीपीएसने अंतर मोजत ठेवा, आणि वेग व अंतर या दोन्हींतला फरक वेगवेगळा लिहून ठेवा. आकडे बघायचं काम मागे बसलेल्याला द्या. काटा जास्त पण अंतर बरोबर असेल, तर तुमच्या गाडीत दोष काहीच नाही. अंतरही चुकत असेल तर कारण टायरमध्ये, गरारीत किंवा स्प्रॉकेटमध्ये शोधायचं.

टायरचं गणित सोपं आहे. २.७५-१८ टायरचा घेर कागदावर सुमारे १८७५ मिलिमीटर येतो, ३.००-१८ चा १९१५. म्हणजे दोन टक्क्यांचा फरक, आणि मोठ्या टायरने मीटर तेवढं कमी दाखवतं. ९०/९०-१९ काढून १००/९०-१९ बसवलं तर जवळपास तीन टक्के. उलट टायर झिजलं की घेर कमी होतो आणि मीटर आणखी पुढे पळतं. कागदावरच्या घेरापेक्षा खरा घेर थोडा कमीच भरतो, कारण वजनाने टायर दबतं. माणूस गाडीवर बसवून, खडूची खूण करून, चाक दोन-तीन फेरे ढकलावं आणि टेपने मोजावं. हा आकडा पुढे डिस्प्ले बनवतानाही लागतो.

जुनी केबलवाली गाडी

इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागायची घाई करू नका. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली असते किंवा तिला कुठेतरी तीव्र वळण पडलेलं असतं. खानापूर, जांबोटी भागातला लाल चिखल हबमध्ये शिरला की गरारीचे दाते खातो. केबल आणि गरारी बदलणं कोणत्याही चौकातल्या मिस्त्रीचं काम आहे. काटा स्थिरपणे कमी दाखवत असेल तर मात्र बहुतेक वेळा चुंबकाची ताकद गेलेली असते, आणि तेव्हा मीटर बदलणंच योग्य. कमी दाखवणारं मीटर धोक्याचं, ते तसंच चालवू नये.

ठोके बदलणारं यंत्र

ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, तिथे स्प्रॉकेट बदललं की मीटर बिघडतं. घाटात ओढ वाढावी म्हणून पुढचं १५ दात्यांचं स्प्रॉकेट काढून १४ चं बसवलं, तर वेग आणि किलोमीटर दोन्ही ७.१ टक्क्यांनी वाढतात. कारखान्याने ठेवलेली वाढ त्याच्या वर. हाच तो अपवाद. सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसणारी यंत्रं यासाठी मिळतात. हंगेरीच्या हीलटेक कंपनीचा स्पीडोहीलर हे त्यातलं नावाजलेलं. ते सेन्सरचे ठोके घेतं, ठरवलेल्या टक्क्याने कमी-जास्त करतं आणि मीटरला देतं.

मात्र त्यात टक्का भरताना विचार हवा. जीपीएसवर बघून काटा अगदी तंतोतंत जुळवला, तर किलोमीटर खऱ्यापेक्षा कमी पडू लागतात, कारण ठोके दोघांचे एकच आहेत. मग ॲव्हरेज खोटं निघतं आणि ऑईल बदलायची वेळ पुढे ढकलली जाते. विकताना दाखवलेलं रीडिंगही खोटं ठरतं. म्हणून यंत्रात फक्त स्प्रॉकेटचा फरक भरायचा, १४ भागिले १५, म्हणजे ६.७ टक्के घट. कारखान्याची वाढ आहे तशी राहू द्यायची.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकाच्या सेन्सरमध्ये असं यंत्र कधीही घालू नका. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं झालं, आणि अनेक गाड्यांत वेग त्याच सेन्सरवरून येतो. तिथे ठोके बदलले तर ब्रेकच्या कंट्रोलरला चाकाचा वेग चुकीचा कळतो. पावसात चोर्ला घाट उतरताना एबीएस फसलं तर जिवावर बेतेल.

मोबाईल, जीपीएस आणि सायकलचं मीटर

नुसता खरा वेग बघायचा असेल तर जीपीएस पुरेसा आहे. मोकळ्या आभाळाखाली, सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात तो टायर-स्प्रॉकेटच्या भानगडीत न पडता अचूक आकडा देतो. तो कमी पडतो तो वेग पटकन बदलताना, कारण स्वस्त मॉड्यूल मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला एकदाच आकडा देतं. आंबोली आणि चोर्ल्याच्या दाट झाडीत, कड्याला लागून असलेल्या वळणांवर आकडा अडकतो किंवा उडी मारतो. वंटमुरी घाट किंवा तवंदी घाट उघडे आहेत, तिथे असा त्रास होत नाही.

मोबाईल हँडलला लावून रोज फिरणं मला पटत नाही. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोकस आणि स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला आहे. सायकलचं मीटर स्वस्त, पाण्याला बऱ्यापैकी टिकणारं, आणि त्यात चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरता येतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ते खरोखर चांगलं काम देतं. रात्री मात्र त्याचा उजेड पुरत नाही.

घरी बनवलेला डिस्प्ले

वेळ आणि हौस असेल तर सगळ्यांत समाधान देणारी वाट हीच. डोकं म्हणून आर्डुइनो नॅनो किंवा ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड चालतो. खरी निवड सेन्सरची आहे.

हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की ओळखणारा) आणि छोटं निओडिमियम चुंबक ही नेहमीची जोडी. चुंबक डिस्कवर चिकटवू नका. साधं निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर ताकद गमावू लागतं, आणि घाट उतरताना डिस्क त्यापेक्षा पुष्कळ तापते. चुंबकाची जागा हबवर.

त्याहून चांगला पर्याय आपल्या भागात सहज समजावता येतो, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांवर तो रोज चालतो: प्रॉक्झिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा. बारा मिलिमीटरच्या दांड्याचा, ६ ते ३६ व्होल्टवर चालणारा इंडक्टिव्ह सेन्सर डिस्कच्या बोल्टची डोकी मोजतो. चुंबक लागत नाही, चिखल-तेलाचं त्याला काही वाटत नाही. सेन्सर बोल्टपासून किती अंतरावर ठेवायचा ते मात्र नीट जुळवावं लागतं, म्हणजे बोल्टचं डोकंच पकडलं जाईल, मागची डिस्क नाही. पकडपट्टी लेथवाल्याकडून जाड पत्र्याची करून घ्या. ती सैल होऊन चाकात गेली तर अपघात होईल. सेन्सर आणि ईएसपी३२ च्या मध्ये ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पुढे देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) घाला, कारण ईएसपी३२ च्या पायांना ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही.

प्रोग्राममध्ये एक गोष्ट नवशिक्यांकडून हमखास राहते. सेकंदात किती ठोके आले ते मोजायचं, ही सोपी वाटणारी पद्धत इथे कामाची नाही. १.९२ मीटर घेराच्या चाकाला एकच चुंबक असेल तर एका ठोक्याचा फरक म्हणजे ताशी जवळपास सात किलोमीटरचा फरक. आकडा ६९ वरून एकदम ७६ वर जातो. त्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मायक्रोसेकंदात मोजा, घेराला त्याने भागा, शेवटच्या चार-पाच आकड्यांची सरासरी घ्या. आकडा शांत आणि खरा येतो.

वीज हा दुसरा कठीण भाग. बारा व्होल्टची म्हणतात त्या गाडीत इंजिन चालू असताना १४ च्या वर व्होल्टेज असतं, आणि मध्येच मोठे झटके येतात. किल्लीनंतरच्या वायरवरून, एक अँपिअरचा फ्यूज घालून, झटके शोषणारा टीव्हीएस डायोड लावून, मग व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरने पाच व्होल्ट करा. मूळ वायरिंग कापू नका. जोडणी कनेक्टरनेच करा, म्हणजे वॉरंटीचा वाद येत नाही आणि डिस्प्ले कधीही काढता येतो. आरपीएमसाठी इग्निशन कॉईलवरून सिग्नल घेताना तिथेही ऑप्टोकपलर हवाच. आरपीएम आणि वेग दोन्ही मिळाले की त्यांच्या गुणोत्तरावरून कुठला गिअर आहे ते प्रोग्राम ओळखतो, वेगळा सेन्सर लागत नाही. इंजिनाच्या तापमानाला डीएस१८बी२० हा नेहमीचा सेन्सर वापरू नका, त्याची मर्यादा १२५ अंश आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या हेडला के-थर्मोकपल, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा तारांचा सेन्सर, लावा.

पडद्याचं बोलायचं तर छोटा ओएलईडी टेबलावर देखणा दिसतो, पण अथणी-चिक्कोडीच्या उन्हात दुपारी वाचता येत नाही. नोकिया ५११० चा जुना एलसीडी तिथे उन्हातच जास्त स्पष्ट दिसतो. रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात, तेव्हा डोळे अंधाराला सरावलेले हवेत. म्हणून पडद्याचा उजेड कमी करायची सोय ठेवाच. खोकं थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचं छापू नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीवर वाकतं. पीईटीजी किंवा एबीएस नावाचं प्लास्टिक घ्या (ब्रेकच्या एबीएसशी याचा संबंध नाही). कणकुंबीच्या पावसासाठी सर्किटवर कोटिंग आणि वायर खालून आत नेणं, या दोन गोष्टी सोडू नका.

गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाची) असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर निदानाच्या कनेक्टरवरून वेग, आरपीएम आणि तापमान वाचण्याचीही वाट आहे. तिथे फक्त वाचा, काही लिहू नका. आणि हे लक्षात ठेवा की तिथून मिळणारा वेग कंपनीच्या सेन्सरचाच आहे, त्यामुळे बदललेल्या टायरची चूक त्यातही राहते.

नियम आणि विक्री

मूळ मीटर काढून फक्त घरचा डिस्प्ले ठेवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११७ प्रमाणे गाडीला वेग दाखवणारं मीटर असावंच लागतं. खरा वेग समजला म्हणून वेग वाढवायची मुभाही मिळत नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ठेवली आहे. राज्य ती आणखी खाली आणू शकतं. काटा ८० वर ठेवून खरं ७४ ने जाणं माझ्या मते चांगलंच आहे.

बेळगाव-चिक्कोडी पासिंगच्या (केए-२२, केए-२३) जुन्या गाड्या कोल्हापूरला जातात आणि तिकडच्या एमएच-०९ च्या इकडे येतात. या व्यवहारात किलोमीटरच्या आकड्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. मीटर बदललं असेल तर जुन्या मीटरचा फोटो, त्यावरचे किलोमीटर आणि बदलल्याची तारीख सर्व्हिस बुकात लिहून घेणाऱ्याच्या हातात द्या. ठोके बदलणारं यंत्र गाडीबरोबर जात असेल तर त्यात किती टक्के भरले आहेत तेही त्याच पानावर लिहा. घरचा डिस्प्ले काढून घ्यायचा असेल तर सेन्सर, पकडपट्टी आणि फ्यूजची वायरही काढा आणि मूळ कनेक्टर पूर्ववत जोडून द्या.