मायबोली माडिया, परीक्षा मराठीत : एका निवासी पोलीस भरती वर्गाविषयी

गडचिरोली जिल्ह्यातील एका निवासी पोलीस भरती वर्गात माझी एक विद्यार्थिनी आठ महिने राहिली. पुढे ती शिपाई म्हणून निवडली गेली आणि आता तिचे नऊ महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षणही संपत आले आहे. मी भामरागड तालुक्यातील एका आश्रमशाळेत चौदा वर्षे मराठी शिकवतो. तिला या वर्गात घालण्याचा सल्ला माझाच होता, पहिल्या महिन्याची फी भरताना मी सोबत होतो आणि नंतर तीन वेळा जाऊन मी तेथील तास बसून पाहिले. वर्गाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण त्याच्या ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या मला इतर वर्गांतही दिसल्या आहेत. ज्या मुलांची मायबोली माडिया किंवा गोंडी ही आदिवासी भाषा आहे आणि ज्यांना मराठी शाळेत येऊन शिकावी लागली, त्यांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी फी भरण्यापूर्वी काय पाहावे, एवढ्याच दृष्टीने हे लिहीत आहे.

मैदानाच्या तयारीबद्दल तक्रारीला जागा नाही. शारीरिक चाचणी 50 गुणांची असते. त्यात मुलींना 800 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक असे तीन प्रकार असतात. पहाटे साडेचारला मुले मैदानावर असत आणि मैदानाचे प्रशिक्षक स्वतः घड्याळ घेऊन उभे राहत. 800 मीटर 2 मिनिटे 50 सेकंदांत पूर्ण केले तर 20 पैकी 20 गुण मिळतात. लहानपणापासून डोंगर चढून सरपण आणणाऱ्या मुलीला त्यासाठी फक्त शेवटच्या दोनशे मीटरसाठी दम राखून ठेवायला शिकवावे लागले, आणि ते त्यांनी उत्तम शिकवले.

खरी परीक्षा त्यानंतरची. लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटे, आणि प्रश्नपत्रिका मराठीत. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण असे विषय असले, तरी माझ्या मते माडिया बोलणाऱ्या मुलासाठी ते चारही विषय मराठीचेच असतात. 'एका टाकीस दोन नळ असून पहिला नळ ती सहा तासांत भरतो' हे उदाहरण तिला गणित म्हणून कधीच अवघड गेले नाही. 'टाकीस' या रूपाशी तिचे अर्धे मिनिट जात असे, आणि 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असताना अर्धे मिनिट म्हणजे एका प्रश्नाच्या निम्म्याहून अधिक वेळ.

वर्गात व्याकरण कसून घेतले जाते. समास, प्रयोग, अलंकार, म्हणी या सगळ्यांचे तक्ते आहेत आणि दर शनिवारी सराव परीक्षा होते. पण ते शिकवणे ज्याच्या कानावर जन्मापासून मराठी पडली आहे अशाच मुलाला समोर धरून चालते. मी बसलो होतो त्या दिवशी म्हणींचा तास होता. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण फळ्यावर लिहिली गेली, अर्थ सांगितला गेला आणि सर पुढच्या म्हणीकडे वळले. तास संपल्यावर तिने मला विचारले, "सर, झाडाआड म्हणजे झाडाच्या मागे ना? मग मागे नाही ते पोहऱ्यात कसं येईल?" तिच्या पाड्यावर हातपंप आहे, आड तिने कधी पाहिलेला नाही आणि पोहरा हा शब्दही तिच्यासाठी नवा होता. तिने म्हणीचा अर्थ बिनचूक पाठ केला होता, पण त्या म्हणीत पाणी आहे हेच तिला कळले नव्हते. फळ्यावर खडूने एक विहीर आणि दोराला बांधलेले एक भांडे काढले असते, तर हे दोन मिनिटांचे काम होते.

लिंगाच्या चुकांबाबतही असेच घडले. मराठीत तीन लिंगे आहेत. माडियात एकवचनी रूपांची विभागणी वेगळी आहे: पुरुष एका बाजूला, आणि बाई, झाड, दगड, कुऱ्हाड हे सारे दुसऱ्या बाजूला. माडिया ही द्रविड कुळातली भाषा असल्यामुळे तिची मांडणीच निराळी आहे. त्यामुळे आमची मुले 'तो दगड पडली होती' असे लिहितात तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो, तर मनातले वाक्य आपल्या वळणाने खाली उतरलेले असते. तिच्या सराव वहीत अशा प्रत्येक चुकीवर लाल फुली होती आणि एका पानाखाली 'आधी मराठी शिका' असा शेरा होता. तो शेरा मला फार लागला. ती बारा वर्षे मराठीच शिकत होती, आणि त्यातली काही वर्षे माझ्याकडे. एका बाजूला चूक आणि दुसऱ्या बाजूला तिचे कारण लिहिले असते, तर महिन्याभरात निम्म्या फुल्या कमी झाल्या असत्या. आम्ही सुट्टीत तसे केले तेव्हा त्या खरोखरच कमी झाल्या.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. हा वर्ग निवडीपर्यंतच पाहतो, आणि निवडीनंतर जी मराठी समोर येते तिची मुलांना ओळखही करून देत नाही. पोलीस ठाण्याची मराठी ही पुस्तकी मराठीही नाही आणि बाजारातलीही नाही. इसम, मयत, सदर, नमूद, मुद्देमाल, फिर्यादी, दखलपात्र, अदखलपात्र, गैरकायद्याची मंडळी असे शब्द नांदेडच्या किंवा साताऱ्याच्या मुलालाही नवे असतात, पण त्याला निदान वाक्याचा ओघ ओळखीचा असतो. आमच्या मुलीला शब्द आणि ओघ दोन्ही एकदम पेलावे लागले. प्रशिक्षण केंद्रात पहिल्या पंधरवड्यात घटनास्थळ पंचनाम्याचा नमुना उतरवून घेताना तिने 'मयत' हे एखाद्या माणसाचे नाव समजून लिहिले होते, असे तिने मला फोनवर सांगितले. त्यातच कवायतीचे हुकूम हिंदीत, म्हणजे तिसरी भाषा. त्यांची तिला भीती वाटली नाही, कारण 'पीछे मुड' ऐकून काय करायचे ते शेजारच्या मुलीकडे पाहून कळते. पंचनाम्यात शेजारी पाहण्याची सोय नसते.

कायद्याच्या टिपणांबद्दलही सांगितले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी वर्गातून मिळालेल्या झेरॉक्समध्ये खुनासाठी कलम 302 आणि चोरीसाठी 379 हेच आकडे होते. आता ते अनुक्रमे 103 आणि 303 आहेत. परक्या भाषेत शिकणारे मूल आकडा आणि शब्द यांची जोडी मोठ्या कष्टाने जुळवते. ती उकलून पुन्हा बांधायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. हे लक्षात आणून दिल्यावर टिपणे बदलली गेली, ही नोंदही केली पाहिजे.

आता जे मला मनापासून आवडले ते. गडचिरोलीच्या शिपाई भरतीत गोंडी व माडिया भाषेचीही परीक्षा घेतली गेली आहे, आणि त्यामागचे कारण उघड आहे: ज्या पोलिसाला गावची भाषा कळत नाही, त्याला त्या गावात अर्धेच काम करता येते. वर्गातील मराठी बोलणारी मुले यासाठी शब्दांच्या याद्या घोकत होती, आणि प्रत्येक पुस्तिकेत माडिया शब्दांचे देवनागरी लेखन निराळे असल्याने गोंधळत होती. ज्यांची ती मायबोली होती अशा पाच मुली मागच्या बाकावर गप्प बसलेल्या होत्या. तिसऱ्या भेटीत मी चालकांना विनंती केली की रविवारचे दोन तास या मुलींना शिकवू द्यावेत. त्यांनी लगेच मान्य केले. पहिल्या रविवारी माझी विद्यार्थिनी फळ्यासमोर उभी राहिली, तिने पाण्याला 'येर' लिहिले, आणि ज्या मुलांनी तिच्या 'पडली होती'ला हसून घेतले होते त्यांनी ते वहीत उतरवून उच्चार बरोबर आहे का असे तिलाच विचारले. त्या दिवसानंतर ती वर्गात प्रश्न विचारू लागली. चार महिन्यांच्या तक्त्यांनी जे साधले नव्हते, ते त्या दोन तासांनी साधले, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे मोल प्रशिक्षणात कळले. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या कलम 173 नुसार तोंडी दिलेली खबर लिहून घ्यावी लागते आणि ती देणाऱ्याला वाचून दाखवावी लागते. सरावासाठी फिर्याद घेण्याच्या तासाला तिने फिर्यादी झालेल्या मैत्रिणीचे म्हणणे माडियात ऐकले, मराठीत लिहिले आणि परत माडियात वाचून दाखवले. लिहिलेले आणि सांगितलेले यांत 'आम्ही गेलो' आणि 'आपण गेलो' असा फरक पडला होता. माडियातही ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून अशी दोन वेगळी रूपे आहेत, म्हणून तो तिच्या ताबडतोब लक्षात आला. जंगलात कोण कोणासोबत गेले होते, हे त्या एका शब्दावर ठरते.

राहण्याजेवणाची सोय साधी पण स्वच्छ आहे, मुलींसाठी वेगळी इमारत आणि मुक्कामी महिला अधीक्षक आहेत. महिन्याला साडेचार हजार रुपये ही रक्कम तेंदूपत्ता आणि मोहावर चालणाऱ्या घराला जड आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला तेव्हा उशिरा पोहोचलेल्या मुलांकडून दंड घेतला गेला नाही, हे मात्र चांगले.

मैदान, गणित आणि शिस्त यांसाठी मी हा वर्ग निःसंकोच सुचवेन. भाषेसाठी नुसत्या या वर्गावर विसंबून राहू नये. मुलासोबत एक जाड वही द्यावी, डाव्या पानावर माडिया आणि उजव्या पानावर मराठी लिहायला सांगावे, आणि कोऱ्या फिर्यादीचा व पंचनाम्याचा एकेक नमुना मिळवून तो आधीच वाचून घ्यावा. येत्या जूनमध्ये आमच्या शाळेची दोन मुले तेथे दाखल होत आहेत. रविवारचा माडियाचा तास वेळापत्रकात छापून देण्याचे चालकांनी कबूल केले आहे, आणि तो होतो की नाही हे मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहणार आहे.