बारा गेज सांगितलं, चौदा गेज लावलं: तार कंपाउंडवाल्याने मला कसं लुटलं

एकूण गेले १,७५,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांना मी आजवर 'लाखभर गेले' एवढंच सांगत आलोय आणि आता तेवढीही लाज उरलेली नाही. ११,००० बुकिंगला, ९०,००० माल उतरल्यावर, ६०,००० पोल उभे राहिल्यावर आणि १४,००० रोख, कातळ फोडायच्या ब्रेकरचे. बदल्यात काय मिळालं? पहिल्याच पावसाळ्यात आडवं झालेलं आणि दिवाळीपर्यंत तांबडं पडलेलं कुंपण.

कोकणात समुद्रापासून चार किलोमीटरवर आमची वडिलोपार्जित ४० गुंठे जागा आहे. निम्मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, निम्मी मातीची. हापूसची जुनी झाडं आणि अलीकडे लावलेली कलमं. मोकाट गुरं कलमांचे शेंडे खातात, रानडुकरं बुंध्याभोवतीची आळी उकरतात. आजोबांच्या वेळचा गडगा, म्हणजे दगडी बांध, जागोजागी ढासळलाय आणि चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) नव्या गडग्याचा खर्च माझ्या आवाक्यातला नव्हता. नोकरी डोंबिवलीत, गावी महिन्यातून एकदा जाणं. म्हणजे या लोकांना हवं असतं तसंच गिऱ्हाईक. जमीन आहे, थोडे पैसे साठलेत आणि उभं राहून काम करून घ्यायला सवड नाही.

नंबर ओळखीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. ज्याने टाकला त्याला नंतर विचारलं तर म्हणे, 'मला पण कुणीतरी फॉरवर्ड केला होता.' कोटेशन मात्र झकास आलं, लेटरहेडवर. ५ फुटी चेनलिंक जाळी, ३ बाय ३ इंचाचा गाळा (जाळीचं भोक), १२ गेज (तारेची जाडी), हेवी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली तार. ८ फुटी सिमेंट पोल, चार सळ्यांचे, दर १० फुटांवर, खड्डा २ फूट. वर काटेरी तारेच्या दोन ओळी. १८५ रुपये रनिंग फूट, म्हणजे लांबीच्या दर फुटाला, माल-मजुरीसकट. ९२० फुटांचे १,७०,२००, गेटचे १८,०००, एकूण १,८८,२००. मी आणखी दोघांकडून भाव काढले होते, २१० आणि २२५. फुकटात मिळतंय म्हणून मी धावलो असं समजू नका. ९० रुपये सांगितले असते तर मीच फोन ठेवला असता. १८५ हा विश्वास बसावा असाच भाव आहे आणि त्याला ते नीट माहीत होतं.

बिलाचं म्हणाल तर तो गोड आवाजात म्हणाला, 'काका, पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर. नुसत्या कुंपणाचेच ३०,६३६ होतात. कशाला देताय?' मी नको म्हटलं. आता सगळे मला हेच ऐकवतात की बिल घ्यायला हवं होतं. ऐकवणाऱ्यांपैकी किती जणांनी घरातलं ग्रिल, फरशी, रंगकाम पक्क्या बिलावर करून घेतलंय, हात वर करा. (आणि पहिल्या फोनपासून 'काका काका' करणारा ठेकेदार भेटला की पाकिटावर हात ठेवा.)

लेटरहेडवर जीएसटी नंबर होता, तेवढ्यावर मला धीर आला. त्या नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. त्याचा २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात, आणि पत्ता घाटावरचा, महाराष्ट्रातला. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर फुकट तपासता येतो. मी तपासला पैसे गेल्यावर. नोंदणी रद्द. यूपीआय करताना स्क्रीनवर एका बाईंचं नाव आलं तेव्हा विचारलं, तर 'मिसेसचं खातं आहे, काका.' माझ्या बायकोच्या खात्यातूनही मी व्यवहार करतोच की, म्हणून पाठवले.

पण या सगळ्यापेक्षा मला रात्री छळतो तो माल उतरवण्याचा दिवस. टेम्पो सकाळी आला. सतरा-अठरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा जाळीची बंडलं उतरवत होता, दोन्ही खांद्यांवर एकेक घेऊन, तोंडाने शिट्टी वाजवत. ५० फुटांचं बंडल. ५ फूट उंची, ३ इंची गाळा आणि खरं १२ गेज असेल तर असं एक बंडल २७-२८ किलोच्या आसपास भरतं. दोन म्हणजे पंचावन्न. तो पोरगा पंचावन्न किलो घेऊन शिट्टी वाजवत चढण चढणार होता का? शेजारचे आबा बांधावर उभे होते. ते म्हणाले, 'भाऊ, जाळी जरा हलकी नाय वाटत?' मी ठेकेदाराकडे बघितलं. तो हसला. 'हाय टेन्साइल आहे ना काका, नवीन माल. वजन कमी, ताकद डबल.' आणि मी, ज्याने कांद्याच्या पिशवीचं वजनसुद्धा दुकानदाराच्या काट्यावर पुन्हा करून घेतलेलं आहे, तो मी त्या सगळ्यांसाठी चहा सांगायला घरात गेलो. गावात वजनकाटा होता. रेशन दुकानात, चालत पाच मिनिटांवर.

गेजचं उलटं असतं, आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ म्हणजे २.६४, १४ म्हणजे जेमतेम २. डोळ्याला फरक कळत नाही, वजनात मात्र चाळीस टक्के जातात. बाजारात जाळी किलोवर विकली जाते. हे लोक आपल्याला रनिंग फुटाचा भाव देतात तो याचसाठी, किलोचा विषयच निघू नये म्हणून. कोटेशनवर बंडलाचं वजन लिहून घ्या. 'लागत नाही ओ तेवढं' म्हणाला की तिथेच थांबा.

पुढचं भराभर सांगतो. मी दोन दिवस थांबून रजा संपली म्हणून परतलो. फोटो रोज येत होते, पोल रांगेत, जाळी चकाचक. सड्यावर कातळ लागला म्हणून ब्रेकरचे १४,००० रोख मागितले, मी आबांच्या हातून दिले. ब्रेकर अर्धा दिवस चालला, हे आबांनी मला नंतर सांगितलं, मी विचारल्यावर. गेट 'पुढच्या आठवड्यात' येणार होतं. ते आलंच नाही. म्हणून २७,२०० मी राखून ठेवले. तेवढीच माझी हुशारी.

जूनच्या दुसऱ्या वाऱ्याला सड्यावरचे पोल पडायला लागले. मोडलेल्या पोलातून चार सळ्यांच्या जागी दोन जाड तारा बाहेर आल्या. खड्डे नऊ इंचांचे, वरून काँक्रीट थापून दोन फुटांचं सोंग. जाळीचा १० फुटांचा उरलेला तुकडा काट्यावर टाकला, ३ किलो ३०० ग्रॅम. १२ गेज असता तर साडेपाच किलोच्या घरात भरायला हवा होता. भाच्याने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, दोन मिलिमीटर. शिवाय जाळी ओढून ओढून ५० फुटांचं बंडल ५५ फुटांना पुरवलेलं. चेनलिंक लांबीला ताणली की उंचीला आखडते, त्यामुळे ५ फुटांची जाळी साडेचार फुटांची झालेली. शेवटी टेप धरून आम्ही सगळी हद्द फिरलो. ८६८ फूट. मोबाइलवरच्या ॲपने त्याने ९२० मोजली होती. म्हणजे ५२ फूट कुंपण हवेत, ९,६२० रुपयांचं.

गंजाबद्दल एक गोष्ट बागायतदारांना सहज करता येईल. माडा-पोफळींना बोर्डो (बुरशीनाशक मिश्रण) मारायला मोरचूद घरात असतोच. त्याचं घट्ट द्रावण करून तारेचा तुकडा मिनिटभर बुडवा, धुवा, पुसा, पुन्हा बुडवा. तारेवर न पुसला जाणारा तांब्याचा लाल थर बसला की जस्त संपलं. माझा तुकडा दुसऱ्याच बुडवणीत लाल झाला. खाऱ्या वाऱ्यात असला माल किती टिकणार? 'जीआय' हा शब्द तर प्रत्येक जण लिहितो. त्यापुढे जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे लिहून मागा. चेनलिंक जाळीचं मानक आयएस २७२१ आहे, काटेरी तारेचं आयएस २७८. हे दोन आकडे नुसते उच्चारले तरी समोरच्याचा आवाज बदलतो.

आता पोलीस. पहिल्यांदा गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, 'कुंपण घातलंय ना? मग फसवणूक कुठे झाली? हे दिवाणी आहे.' मी तारेचा तुकडा आणि वजनाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांनी तुकडा उचलून बाजूला ठेवला, पेपरवेटसारखा. पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्तात, गणपती झाल्यावर या. त्यानंतर सांगितलं की माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. एक दिवसाची रजा आणि एसटीचा पूर्ण दिवस घालवून तिकडे गेलो. तिथले म्हणाले, काम तुमच्याकडे झालं, तक्रार तिकडेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी. मी ते मोबाइलवर काढून दाखवलं. 'तुम्ही वकील आहात का?' नाही. 'मग बसा बाहेर.' बसलो. संध्याकाळी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर चेहरा असा केला जणू मीच त्यांच्याकडे पैसे मागतोय. पोच घेतल्याशिवाय उठू नका, कितीही वेळ लागू दे. पुढे अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं, तीही सोय त्याच कलमात आहे. उत्तर आलं: प्रकरण दिवाणी स्वरूपाचे दिसते. बारा सांगून चौदा दिलं, चार सळ्या सांगून एकही दिली नाही, रद्द झालेला नंबर छापला, तरी हे दिवाणी. मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ ठेवलंय कुणासाठी? वजनमापाशी संबंधित एका कार्यालयात गेलो तर तिथे उत्तर मिळालं की माल फुटावर विकलाय, किलोवर असता तर बघितलं असतं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली, ई-जागृती या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षं, म्हणून 'बघू, देईल' म्हणत बसू नका. बिल नसलं तरी कोटेशन, चॅट, यूपीआयच्या पावत्या आणि फोटो जोडता येतात. चॅट डिलीट करू नका, कितीही संताप आला तरी. माझी नोटीस परत आलीय, 'सदर पत्त्यावर राहत नाही'. त्या पत्त्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. नोटीस बजावायला खरा पत्ता हवा, पत्ता फोन नंबरावरून पोलीस काढू शकतात, आणि पोलिसांच्या मते हे दिवाणी आहे. फिरा गोल.

ज्यांची जाळी खरी आहे त्यांनी निदान ती सांभाळा. तिला लागून गवत पेटवू नका, आचेने जस्त जातं. पावसाळ्यानंतर वेली ओढून काढा, टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) आवळा, कापलेल्या टोकांना झिंक पेंट लावा. कोपऱ्याच्या पोलांना तिरके टेकू नसतील तर सगळी ओळच सैल पडते. आणि वानरं कुठल्याच कुंपणाला जुमानत नाहीत, कुणी हमी देत असेल तर तो पहिल्या वाक्यालाच खोटं बोलतोय. मी मातीच्या बाजूला करवंद आणि सागरगोटा लावलाय, सड्यावर जमेल तसा चिऱ्याचा गडगा घालतोय.

त्या माणसाचा धंदा मात्र चालू आहे. नाव नवीन, नंबर नवीन, जाहिरातीचा व्हिडिओ माझ्या बागेचा. काम संपलं त्या दिवशी घेतलेला, ड्रोनवरून, जाळी उन्हात लखलखतेय. खाली अडतीस जणांनी भाव विचारलाय. मी लिहिलेली कमेंट तासाभरात उडाली आणि मला ब्लॉक केलं. तेव्हा व्हिडिओत उताराची आमराई, डाव्या कोपऱ्यात जांभ्याची विहीर आणि तिच्या काठावर निळा पिंप दिसला, तर समजा हाच तो. भाव विचारू नका.