बॅकअपची हार्ड डिस्क: अडीच इंची की साडेतीन इंची?

साधारण ५ टीबीपर्यंत भागत असेल तर अडीच इंची पोर्टेबल डिस्क घ्या. तिला वीज यूएसबी केबलमधूनच मिळते आणि दुखणंही तिथंच असतं. पुढच्या पॅनेलला किंवा लांब एक्स्टेन्शनला जोडली की वीज कमी पडते, टकटक आवाज येतो आणि कॉपी चालू असतानाच डिस्क गायब होते. सीपीयूच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ पोर्टला लावा. १ टीबी भरायला तिथं अडीच-तीन तास, जुन्या यूएसबी २ पोर्टवर आठएक तास लागतात.

साडेतीन इंची डिस्क जास्त मोठी मिळते आणि दर टीबीला बहुधा स्वस्त पडते. पण तिला १२ व्होल्टचा वेगळा ॲडाप्टर लागतो. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि ॲडाप्टर साध्या बोर्डात असला, तर लाइट जाताच डिस्क बंद! डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फॉरमॅट, एक्सफॅट असेल तर अशा वेळी फाइलींची यादीच बिघडू शकते. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस फॉरमॅट ठेवा, तो अशा वेळी जास्त तग धरतो.

पंचगंगेचा २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापुरात, नदीकाठच्या घरासाठी आमचा कौल अडीच इंचीला; पाणी वाढलं तर ती पटकन उचलून नेता येते. शक्यतो दोन घ्या, एक उंचावरच्या पाहुण्यांकडे ठेवा आणि महिन्याला अदलाबदल करा.